समोरून या, सर

१९५०च्या दशकात मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञानाचा हंगामी मास्तर होतो. स्नेहसंमेलनात मला एक प्रयोग करायचा होता. मुख्याध्यापक म्हणाले होते, “अध्यक्ष खूश झाले, की तुम्ही कायम. नाहीतर जूनमध्ये दुसरीकडे बघा.” संस्थेचे अध्यक्ष म्हणजे तिथले जुने जमीनदार. शाळा उभी होती ती त्यांच्याच शेतात.

मी विषय निवडला थेट आकाशातला! अवकाशातून काही कण भलत्याच वेगाने येतात. त्यांना एवढा जोर देतं कोण? तेव्हाची नवी कल्पना अशी, की तिथे विद्युतभारित वायूचे अजस्र ढग चुंबकत्व पोटात घेऊन फिरतात. समोरून येणाऱ्या ढगावर कण आपटला की त्याचा वेग वाढतो, पुढे पळणाऱ्या ढगावर आपटला की घटतो. समोरच्या धडका जास्त होतात, म्हणून कण माजतो.

दोन लांब टेबलं जोडली. मध्ये रबरी चेंडू, दोन्ही टोकांना उभे धरलेले जेवणाचे पाट. पाट म्हणजे ढग. ते एकमेकांकडे सरकवले की चेंडू नुसता वेडापिसा! घरी बायकोबरोबर दहादा करून पाहिलं होतं.

एक पाट अध्यक्षांनी मागून घेतला, म्हणून दुसरा मुख्याध्यापकांनी माझ्या हातातून ओढला. मी टाळी वाजवली. अध्यक्ष झोकात पुढे निघाले. आणि आमचे सर? अध्यक्ष एक पाऊल पुढे, की हे एक पाऊल मागे, चेहऱ्यावर ‘या, या’चं हसू! एका पाटाने दिलेला वेग दुसरा काढून घेत होता.

“सर, समोरून या,” मी कुजबुजलो.

“अध्यक्षांच्या अंगावर जाऊ? भान आहे का?”

चेंडू रेंगाळला. थांबला.

“कण झोपला रे!” मागून पोरं ओरडली.

अध्यक्षांची नजर मात्र तीक्ष्ण. “काय झाला मास्तर? हेडमास्तर मागं मागं का जातान?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर माझ्या ओठांवर होतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो, “चेंडूच जुना आहे.”

सर खुलले. महिन्याभराने त्यांच्याच सहीचा शेरा हातात पडला: ‘प्रयोगास जुने साहित्य वापरले. कायम करण्यास अपात्र.’

आता वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हा किस्सा मी साभिनय सांगतो. सरांची उलटी पावलं तर अशी वठवतो, की लोक डबे बाजूला ठेवून हसतात. चेंडू थांबतो तिथेच मी गोष्ट संपवतो. अध्यक्षांनी काही विचारलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.