तुळशीच्या बोटातला काटा

बोर्लीच्या बाजारात मासळीच्या ओळीला लागूनच माझी भाजी असते. मी बायजा, दिवेआगरची. माझ्या शेजारी दिघीची तुळशी कोळीण बसते. वय पस्तिशीच्या आत, आवाज खणखणीत, आणि उपकार मानायची अशी खोड की माझं डोकं फिरतं. पाण्याची बाटली नुसती सरकवली तरी, "लय उपकार झालं गो बायजाक्का!" अगं बाई, पाणीच दिलं ना, दूध तर नाही!

तिचा ओटा सासूचा, सोनूबाईचा. म्हातारीनं तिथं जन्म काढला आणि गुडघे बोलायला लागल्यावर सुनेला बसवलं. आता गिऱ्हाईकाला मासळी साफ करूनच हवी असते. विळीवर हात झपाझप चालला तर बाई टिकते, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या ओट्यावर.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात तुळशीच्या उजव्या हाताची बोटं मुळाशी सुजली. टम्म आणि गरम. कोळ्यांच्या घरात बोट सुजलं की दुसरा विचारच कुणी करत नाही. शिंगाळ्याचा काटा! ती मासळी असतेच तशी, मेल्यावरही टोचते. सोनूबाईनं गरम मिठानं शेकलं. नवरा कान्हा बोटीवरचा माणूस, त्यानं सुई घेऊन बोट टोकरलं. रक्त आलं, काटा काही आला नाही. मग म्हणे खोल गेला असेल.

सकाळी तिची मूठ वळत नसे. बोंबील हातातून सटकायचे, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं. आणि ऊन चढलं की तीच बोटं मोकळी व्हायची, बाई भराभर खवले काढायची. इथंच घोळ झाला. सोनूबाई चारचौघांत म्हणाली, "सकाळी हात चालत न्हाय आनि दुपारी कसा चालतो? काम दिसलं की दुखतं व्हय?" वर अंगात कणकण, थकवा. टोपलीवर डोकं टेकून तुळशी पेंगायची, तर बायका म्हणायच्या, मोबाईल बघत जागत असेल. जिभेला हाड नाही मेल्यांच्या!

शेवटी सोनूबाईनं सांगून टाकलं. नारळी पुनवेनंतर बोटी भरून यायला लागतील. तोवर हात सुधारला नाही तर ओट्यावर धाकटी सून बसेल.

त्या दिवशी तुळशी माझ्याजवळ ढसाढसा रडली. "मी खोटं न्हाय गो बोलत. हा ओटा गेला तर मी हाय तरी कोन?" मी तिचे हात हातात घेतले, आणि बघतच राहिले. डावाही हात सुजलेला. तीच बोटं, तीच जागा. माझं टाळकंच सरकलं. समोर सोनूबाई उभी होती. "अहो सोनूबाई, शिंगाळा काय दोन्ही हातांना मापं घेऊन काटे टोचतो का?" म्हातारीनं वाकून दोन्ही हात पाहिले. दुसऱ्याच दिवशी कान्हानं बायकोला दिघीच्या जेटीवरून बोटीनं खाडीपलीकडे नेलं, मोठ्या डॉक्टरकडे, आणि सोनूबाईही बरोबर गेली.

रक्त तपासलं. आमवात निघाला. "वात? ह्या वयात? वात तर मला यावा," सोनूबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हा झिजेचा वात नव्हे. ह्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तरुणपणीही होतो. सकाळी सांधे ताठ राहणं आणि हालचालीनं मोकळे होणं, हीच त्याची खूण. तुळशी सांगते, हे ऐकल्यावर सासू परतीच्या बोटीत नुसती पाण्याकडे बघत बसली.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. पण गुण यायला काही महिने लागतील, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. आणि नारळी पुनव तर तोंडावर.

पुनव झाली, मासळी आली. सकाळी बाजारात पोचते तर काय, ओट्यावर विळी धरून सोनूबाई! म्हटलं, काढलं वाटतं पोरीला. दोन शब्द सुनावायला पुढे झाले, तर आडोशाला तुळशी बसलेली. दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात, बोटं हळूहळू उघडत-मिटत होती. सासू कापत होती, सून भाव सांगत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! देवाचे, डॉक्टरीणबाईंचे, अगदी त्या म्हातारीचेसुद्धा मी मनात आभार मानले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक फणकारलं, "सून बसलीय आणि म्हातारी राबतेय. काय दिवस आलेत!"

सोनूबाईनं सुरमईचं डोकं एका घावात उडवलं. "तिचं हात उशिरा उठतात, बाय. ती न्हाय. ती माझ्या आधी उठते. घ्यायची तर घे मासळी."

बाईनं पिशवी पुढे केली.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा तुळशीनं मूठ वळून बघितली. वळली. सोनूबाईनं विळी धुतली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पाट सुनेकडे सरकवला. "ये, बस," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी येतेच. पन जागा तुझी हाय."