साहेबांसाठी घरची तंबाखू

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात पाइप ओढला नाही. तरी धुळ्याच्या घरामागे त्यांनी पाइपची तंबाखू पिकवली ती माझ्या शिक्षणासाठी.

मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि त्यासाठी आमच्या शाळेच्या हेडमास्तरसाहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. सात वर्षांत मी त्यांच्यासमोर ‘येस सर’पलीकडे काही बोलले नव्हते. (तेही हजेरीला.) त्यात युद्धामुळे विलायती तंबाखूचे डबे येईनासे झालेले, त्यामुळे साहेब कायम चिडलेले.

“पानं सावलीत वाळवायची, गुळाचं पाणी शिंपडायचं, बारीक करून बरणीत दाबायची,” मी पुस्तकातून वाचलं. नानांनी तसं केलं. तीन महिने घरात बरणी आणि मी, दोघींची सारखीच काळजी.

साहेब चहाला येणार त्या दिवशी नाना म्हणाले, “पत्राचं मी साहेबांच्या कानावर घातलंय, पण तूच विचारायचंस. इंग्रजीत.” मी तीन वाक्यं पाठ केली.

तेवढ्यात आत्या, म्हणजे आमच्या अक्का, मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आल्या. “तंबाखूले बठ्ठी गल्लीनी नजर लागेल शे.” सगळ्या गल्लीची नजर उतरवायला बरणीवरून सात वेळा मूठ ओवाळून त्यांनी ती दृष्ट माझ्या हातात दिली. “जाय, चुलमा टाक.” नजर लागली असेल तर मिरच्या जाळूनही ठसका येत नाही, ही त्यांची खात्रीची कसोटी.

मी वळले, तर दारात साहेब.

“बरणी आण गं,” नाना म्हणाले.

एका हातात बरणी, दुसऱ्यात दृष्ट. साहेबांनी ती पाहिली तर? भीतीने मूठ इतकी आवळली की मिरच्यांचा चुरा झाला. इंग्रजी शाळेची लाज राखण्यासाठी मी पाठ वळवून ती मूठ बरणीतच रिकामी केली आणि वरून तंबाखू सारखी केली.

साहेबांनी पाइप भरला. आता बोलायलाच हवं होतं. पण पाठ केलेल्या तीन वाक्यांत मिरचीचा उल्लेख कुठेच नव्हता.

“वेल?” साहेब माझ्याकडे पाहत म्हणाले आणि काडी ओढली.

आधी मोहरी तडतडली. साहेबांनी पाइपकडे संशयाने पाहिलं आणि जोरात झुरका घेतला.

पुढची पाच मिनिटं कोणीच कोणाला दिसलं नाही. साहेब खोकत होते, नाना खोकत खोकत “सॉरी सर” म्हणत होते. आतून अक्कांचा समाधानी आवाज आला, “ठसका उना ना बठ्ठासले? मंग नजर लागेल नव्हती.”

साहेब डोळे पुसत निघून गेले. “गेलं पुणं,” नाना म्हणाले.

आठवड्याने साहेबांचं पत्र आलं. ‘मुलगी अत्यंत मितभाषी. कितीही बिकट प्रसंग असो, तोंडातून एक अक्षर काढत नाही.’ कॉलेजला हा गुण वाटला. मला प्रवेश मिळाला.

नाना अजून ते पत्र येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने वाचून दाखवतात. मिरच्यांचं अजून कोणालाच सांगितलेलं नसल्याने मी खाली मान घालून ऐकते. माझा कबुलीजबाब इतक्या सुरेख इंग्रजीत मला स्वतःला कधीच लिहिता आला नसता.