चष्मा सुटला

आमच्या घरातल्या सगळ्या वाकळी मंजुळाबाईंच्या हातच्या. माहेर-सासर दोन्ही कन्नड तालुक्यातलं, मेंढरांमागं फिरणारं. पुढे मेंढरं राहिली नाहीत, तेव्हा नवरा भिकन लष्कराच्या छावणीत रखवालदार झाला आणि मंजुळाबाई लोकांच्या जुन्या साड्यांच्या वाकळी शिवू लागल्या. आमच्याकडे आल्या की ओट्यावरच बसायच्या. तोंड सुईपेक्षा जास्त चालायचं.

माझ्या मुलीला, ऋताला, लहानपणापासून मधुमेह आहे. मंजुळाबाईंना चाळिशीनंतर जडला. "तुझी शुगर किती आली गं आज? माझी तुझ्यापरीस मोठी!" म्हणून त्या तिला चिडवायच्या आणि गोळी राहिल्याचं हसत सांगायच्या.

ऋताचे डोळे दरवर्षी तपासून आणते. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि शुगरने आतला पडदा खराब होतोय का ते पाहतात. दर वेळी मंजुळाबाईंना म्हणायची, तुम्हीही चला.

"मला काय झालंय? चष्मा लावला की सुई ओवते मी. थेंब घातलं की दिवसभर धुरकट दिसतं म्हणं. मग शिवू काय, कपाळ?"

एका उन्हाळ्यात त्या चष्म्याविना आल्या. पदराखाली पेढ्यांचा पुडा. "ताई, चष्मा सुटला माझा! जवळचं लख्ख दिसायलंय!"

मी सांगितलं, शुगर फार वाढली की असं होतं. ही चांगली खूण नाही.

"तुम्हा शिकलेल्यांना कुणाचं बरं झालेलं बघवत नाय, व्हय?" म्हणत त्यांनी स्वतःच एक पेढा तोंडात टाकला. चष्मा तर जावेला देऊनही टाकला होता.

थंडीत त्यांच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायला लागले. वाकळीचा तंतू गेला असेल म्हणून त्या पाण्याने डोळे धूत राहिल्या. मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे नुसता अंधार. भिकन आणि मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. उजव्याचा पडदा सुटलाय, आता ऑपरेशनचीही वेळ गेली. डाव्यात रक्त उतरलंय. लेझर करून पाहू, पण फार आशा धरू नका.

"दिसत होतं तेव्हाच आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

भिकनला ते कळलंच नाही. "जाड भिंगाचा चष्मा द्या की, बाईसाहेब."

होळीपर्यंत डावाही गेला.

भिकनने बायकोला सांगितलंय की मोतीबिंदू आहे, पिकून पांढरा झाला की काढतील. खरं सांगायची त्याची छाती होत नाही. माझीही नाही. परवा तो त्यांना हाताला धरून आमच्याकडे घेऊन आला. उन्हाची ऊब लागली तिकडे त्यांनी तोंड वळवलं आणि बोटाने पापणी वर धरली.

"ताई, बघा वो जरा. पिकला का?"

मी वाकून पाहिलं. डोळा वरून होता तसाच होता, काळाभोर.

"अजून नाही."

"लई येळ लावतोय मेला," त्या म्हणाल्या आणि दुसरी पापणी वर धरली.