इनेसबाईंना मिळालेल्या टाळ्या

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल एका सभेत तरुण दुभाषी मुलगी पाहुण्यांना थांबवून म्हणाली, "पुन्हा सांगता का? चूक नको व्हायला." घरी येऊन मी हे लिहायला बसलो.

स्पेनच्या इनेसबाई आधी पत्रकार, मग खासदार, पुढे प्राध्यापक. पुण्यातल्या त्यांच्या व्याख्यानात दुभाषी मी होतो. कुणीतरी विचारलं, "बाई, तुमच्या मुलांना कोण सांभाळतं?"

त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "हे पुरुष खासदाराला विचाराल?"

सभा बिघडेल या भीतीने मी श्रोत्यांना मराठीत सांगितलं, "घरचे सांभाळून घेतात." टाळ्या पडल्या. आपल्याच उत्तराला दाद मिळाली असं समजून त्यांनी हसून माझा हात दाबला.

त्या टाळ्यांबद्दल त्या अजून विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगत असतील का? निरोप देताना 'मला माफ करा' एवढंच म्हणायचं होतं, तेही राहिलं. त्यांच्या भाषेत ते मला चांगलं येत होतं.