भगवानला घेऊन दिलेली सुमो

हे मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिच्यापासून मी काही लपवत नाही असं तिला वाटतं. आज सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल का? मनातल्या मनात इतक्या वेळा घोळवून झालंय, की सुरुवात कुठली तेच हाताला लागत नाही.

गाडीपासून सुरू करतो.

नवीन जालन्यात माझं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. गाव धावडा, भोकरदन तालुका. गावात पहिली सुमो मी नेली — पांढरी, कोरी. त्याआधी गावात ट्रॅक्टर होते, मोटारसायकली होत्या, एक खिळखिळी जीप होती. पण घरच्या सगळ्यांनी मिळून लग्नाला जावं अशी मोठी गाडी नव्हती. मी गेलो की माणसं भोवती जमायची. कोणी बॉनेटवर हात फिरवायचं, कोणी मागच्या समोरासमोरच्या सीटवर बसून बघायचं. कोणाला गाडी घ्यायची असली की आधी मला विचारायचं. बोलेरो बरी का सुमो? मागं किती माणसं बसतात? डिझेल किती खाते? मी तासतासभर सांगायचो. खरं सांगू? त्या गाडीच्या आधी गावात मला कोणी काही विचारल्याचं आठवत नाही.

भगवान माझा चुलत भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी दहावीनंतर शहरात आलो, तो शेतीत राहिला. त्याची शेती बघता बघता आमची पण बघायचा. माझ्या वडलांना दम्याचा त्रास. त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून, पोटाला उपरण्यानं बांधून, भोकरदनच्या दवाखान्यात तोच न्यायचा. मला त्यानं कधी ऐकवलं नाही. "दादा, तू तिकडलं बघ, हिकडं मी हाये ना," एवढंच म्हणायचा.

त्याला बायको, शोभा. आणि एकच मुलगी, पल्लवी. अकरा वर्षांची होती.

त्या वर्षी त्याची मिरची चांगली झाली आणि त्यानं गाडी घ्यायचं ठरवलं. नवी झेपणार नव्हती, वापरलेली घ्यायची होती. आणि विचारणार कोणाला? आला माझ्याकडे. दुकानात बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मला गाडीतलं काही कळत न्हाई. तू म्हणशील ती घेतो. फक्त शोभाला आन् पोरीला बराबर बसता आलं पायजे."

दोन गाड्या होत्या बघण्यासारख्या. एक नवीन जालन्यातल्या एका डॉक्टरांची क्वालिस, चंदेरी रंगाची. दुसरी सुमो — जुन्या जालन्यात धान्याच्या एका व्यापाऱ्याकडची.

आधी क्वालिस बघितली. मी चालवली, भगवान शेजारी बसला. काय सांगू? इंजिन चालू आहे का बंद, कळेना. वळणावर हातात लोण्यासारखी. डॉक्टरांनी घरच्या माणसासारखी सांभाळलेली. उतरताना भगवाननं दार किती हळू लावलं ते मी बघितलं. आणि माझ्या डोळ्यापुढे काय आलं? धावड्याची वेस. तिथं ही चंदेरी गाडी उभी, तिच्याभोवती माणसं, आणि पलीकडे लिंबाखाली माझी सुमो — एकटी.

एवढंच आलं होतं मनात. दुसरं काही नाही.

मग जुन्या जालन्यात गेलो. सुमो बाहेरून चकचकीत होती, नुकता रंग मारलेला. माझा नेहमीचा मिस्त्री सलीमभाई सोबत आला होता. तो गाडीखाली शिरला. व्यापारी भगवानला घेऊन समोरच्या हॉटेलात चहाला गेला. मी गाडीपाशी उकिडवा बसलो होतो. सलीमभाई खालून सरकत बाहेर आला, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, "गाडी पलटी खाएली है, सेठ. चासी वाकेली है. स्टेअरिंगचा रॉड तुटला होता, वेल्डिंग मारेला है. कभी बी तुटेगा. फॅमिलीवाला आदमी है, उनको बोलो ये गाडी नको लेव."

मी मान हलवली. "सांगतो," म्हणालो.

सलीमभाईला गॅरेजात काम होतं, तो स्कूटर काढून निघून गेला. भगवान चहा पिऊन आला. माझ्याकडे बघून हसला. "काय म्हणतो मिस्त्री?"

आणि मी म्हणालो — "बराबर आहे म्हणतो. हीच घे. क्वालिस नाजूक गाडी, आपल्या रस्त्याला टिकायची नाही."

असं म्हणालो मी. तोंडातून निसटलं नाही. नीट विचार करून, कारण देऊन म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. का विचारील?

पुढचंही ऐका. पंधरा दिवसांनी मी त्याच डॉक्टरांकडे गेलो होतो. क्वालिस मला घ्यायची होती. तोवर ती विकली गेली होती. मी चिडून घरी आलो, बायकोवर डाफरलो. म्हणजे बघा — भगवान त्या वेल्ड मारलेल्या रॉडवर रोज गाडी चालवत होता, आणि माझा जीव जळत होता तो चंदेरी गाडी हातची गेली म्हणून.

सांगायला वेळ नव्हता का? होता. सात महिने होते. पोळ्याला गावी गेलो, तेव्हा पल्लवी मागच्या सीटवर बसून वहीत काहीतरी गिरवत होती. "काका, आमची गाडी तुमच्यासारखीच हाये," म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मनात आलं होतं, की आज भगवानला बाजूला घ्यावं. मग वाटलं, सांगायचं कसं? आधी का बोलला नाहीस म्हणेल. आणि चालतीये की गाडी, सलीमभाईला काय, उगाच घाबरवतो... अशी स्वतःची समजूत घालून मी पुरणपोळी खाऊन परत आलो.

सिल्लोडकडच्या एका लग्नाहून ते तिघं दुपारी परत येत होते. सरळ रस्ता, पुढे थोडं वळण. भगवाननं स्टेअरिंग फिरवलं, गाडी वळली नाही. बाभळीला जाऊन धडकली. शोभाचा हात मोडला. भगवानला खरचटलं. पल्लवी दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

मी पोचलो तेव्हा भगवान व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. ज्याला त्याला एकच सांगत होता, "म्या फिरवलं, पण फिरलंच न्हाई. दादा, फिरलंच न्हाई रे." माणसं ऐकून घेत होती आणि लांब जाऊन म्हणत होती, जोरात असेल, डुलकी लागली असेल. मी काय केलं? त्याला पाणी पाजलं. पाठीवर हात ठेवून बसलो. आणि तोंड मिटून घेतलं.

तुम्हाला वाटत असेल, हाच माझा गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस वाटायचं, की एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं.

चार-पाच दिवसांनी सलीमभाई दुकानात आला. मोडकी गाडी त्यानं बघितली होती. रॉड तिथंच तुटला होता. त्याचा चेहरा पडलेला. खुर्चीवर बसलासुद्धा नाही. "सेठ, आप बोले थे ना उनको?"

मी म्हणालो, "बोललो होतो. त्यानंच ऐकलं नाही."

सलीमभाईनं डोळे मिटले, "या अल्ला" म्हणाला आणि गेला. त्याचा काही दोष नाही. त्यानं कोणाजवळ तरी हळहळत सांगितलं असेल. ती गोष्ट भोकरदनला गेली, तिथून शोभाच्या माहेरी. गाडी धोक्याची आहे हे भगवानला माहीत होतं, तरी त्यानं लेकराला बसवलं — अशी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर सगळे बसलो होतो. शोभाचे दोन्ही भाऊ आले होते. तिचा हात गळ्यात बांधलेला. ती एकदम उठली आणि सगळ्यांसमोर भगवानला म्हणाली, "तुम्हाला ठाव व्हतं? मिस्त्रीनं सांगितल्तं तुम्हाला?"

भगवान गोंधळला. "मला कोन कशाला सांगंन? मला कोनीच काही सांगितलं न्हाई." मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — सुटका झाल्यासारखं होतं. "दादा व्हता ना तिथं! दादा, सांग ना हिला."

सगळे माझ्याकडे बघत होते. शोभा बघत होती. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानते."

एका वाक्याचं काम होतं. त्यानंतर त्यांनी मला मारलं असतं, गावानं तोंड बघितलं नसतं, माझं दुकान बंद पडलं असतं कदाचित. पण त्या माणसाला त्याची बायको राहिली असती.

मी खाली बघितलं आणि म्हणालो, "मिस्त्री बोलला होता खरा काहीतरी. भगवानच्या ध्यानात राहिलं नसेल."

भगवान भांडला नाही, खोटं बोलतोस म्हणाला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याची नजर माझ्यावरून निघून जमिनीवर गेली. त्याला मी खोटा वाटलो नाही हो. त्याला तो स्वतः खोटा वाटायला लागला.

शोभा त्याच दिवशी भावांबरोबर माहेरी गेली. परत आली नाही. भगवान एकटाच राहतो. गाडी सोडा, मोटारसायकललाही हात लावत नाही. बाजाराला पायी जातो. माझ्या वडलांना मात्र ते जाईपर्यंत त्यानंच बघितलं. मी आठवड्याला फोन करायचो.

मागच्या वर्षी वडलांच्या दिवसांना गावी गेलो होतो. सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच बांधावर बसलो होतो. मिरचीला पाणी चालू होतं. पल्लवीचं नाव त्यानं इतक्या वर्षांत माझ्यासमोर घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं. मला वाटलं, आता विचारील. मी मनाशी ठरवलं, विचारलं तर सांगून टाकायचं.

त्यानं विचारलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, "दादा, मला आता आठवून राह्यलं. मी चहा पिऊन आल्तो, तवा मिस्त्री बोलला व्हता. तू बी सांगितल्तं, ही नको घेऊ म्हणून. म्याच ऐकलं न्हाई."

 मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "सांगितल्तं ना तू?"

मी हो म्हणालो.