मास्तरांनी परत केलेलं दूध

मास्तराला काही द्यावं का देऊ नये, यावरून आमच्या घरात एकदा अकरा दिवस धुसफूस चालली होती, आणि त्या अकरा दिवसांत बुडाली ती माझी शाळा. म्हणून हल्ली जून आला, आणि नातसुनेच्या मोबाईलवर पोराच्या शाळेतल्या बाकीच्या आया "बाईंना साडी द्यायची का घड्याळ" असं सुरू झाल्या, की मी ऐकते सगळं, पण लगेच तोंड उघडत नाही. द्या म्हणावं तर मास्तर आठवतात, नका देऊ म्हणावं तर माय आठवते.

आमचं गाव म्हणजे राणीसावरगावच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत माघारी यावं, एवढ्या अंतरावरचं. आमी शेळ्या-मेंढरंवाले. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील, तेव्हा गावात सरकारी शाळा आली. शाळा म्हणजे इमारत वगैरे काही नाही. मारुतीच्या देवळाचा मंडप, एक काळा फळा आणि एक मास्तर. मास्तर राहायचे देवळामागच्या खोलीत.

त्याच्या आधी गावात एक म्हातारे पंतोजी होते. ते चार मोठ्या घरांतली पोरं शिकवायचे. त्यांना पगार कुठला? पोरगं घातलं त्या दिवशी शिधा, अमावस्येला शिधा, पुनवेला शिधा, सणाला धोतर. त्यावरच त्यांची चूल पेटायची. त्यामुळं गावाच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं. लेकरू मास्तरापुढं बसवायचं तर हातात काहीतरी घेऊन जायचं. लाच म्हणा, खूश करणं म्हणा, असलं काही कुणाच्या मनात नसायचं. कुणाच्या पदरात आपलं लेकरू टाकतो आहोत, तर तसंच कसं टाकावं, एवढीच गोष्ट.

नवे मास्तर परभणीकडचे. मिशी नुकतीच फुटलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं की जसं पुस्तकच वाचायलेत. घरोघर फिरले. आमच्या दारातही आले. "मुलगी असली तरी पाठवा. पैसा लागत नाही," म्हणाले.

बा म्हणाला, "पैशाचं न्हाई हो मास्तर. शेळ्या कोन हाकील?"

तेव्हा घरातून माय बोलली. पदर पुढं ओढून, दिसायची नाही, पण आवाज खणखणीत. "मी हाकीन. बाजारात चिठ्ठी वाचायला दर बारीला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतंय. आपल्यातलं एक तरी वाचंल."

झालं, मी शाळेत गेले. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन, नक्की कुणाला माहीत? मास्तरांनीच अंदाजानं लिहून घेतलं. मला मोठी वाटायची ती पाटी. ती फुटकी होती, एक कोपरा गेलेला, पण हातात धरली की मला आपण कुणीतरी हाय असं वाटायचं. दोन दिवसांत मी दोन अक्षरं शिकले, आणि रात्री झोपेत बोटानं घोंगडीवर काढत होते, असं माय सांगायची.

पण मायचा जीव खाली-वर. निंदणीचे दिवस होते, तिला दोन दिवस शाळेकडं यायला झालं नव्हतं. "पोर दोन दिस झाले फुकट बसायलीय. काय म्हनत असंल तो मानूस?" तिसऱ्या दिवशी तिनं पहाटेच करडं बाजूला बांधली. आमच्या सगळ्यात चांगल्या शेळीला, ती काळी, कानावर पांढरा ठिपका असलेली, तिच्या सडाला करडाला तोंड लावूच दिलं नाही. सगळं दूध तांब्यात काढलं, वर पळसाचं पान झाकलं, आणि मला बोटाला धरून देवळाकडं निघाली. नेसूचं लुगडंही त्यातल्या त्यात चांगलं. मी तर हवेत चालत होते.

मास्तर मंडपात पोरांच्या पाट्या बघत होते. मायनं पायरीवर तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, लेकराला धाडायला आमी उशीर केला न्हाई, द्यायला उशीर केला. एवढं घ्या."

मास्तर उठून उभे राहिले. हात जोडले. "मावशी, मला हे घेता येणार नाही. सरकार मला पगार देतं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे."

"पगार सरकार देतंय. आमी काय दिलं?"

"तुम्ही काही द्यायचंच नाही."

मायला काही कळेना. आणि मग तिची नजर गेली खोलीच्या ओसरीवर. तिथं एक जवारीचं पोतं होतं. पोत्यावर पाटलाच्या घरची खूण, ती गावात सगळ्यांना ठाऊक. मायनं पोत्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. तांब्या उचलला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, आणि आमी चालू लागलो. मास्तर मागून "मावशी, मुलीला राहू द्या" म्हणत होते. पायरीवर ठेवलेली पाटीसुद्धा मला उचलू दिली नाही.

रस्त्यात एकदाच बोलली. "पाटलाची जवारी चालती. आपल्या हातचं दूध चालत न्हाई."

त्या काळात हे असं चालणं न चालणं गावाला नवीन नव्हतं. पंतोजी आमच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत, हे मायनं पाहिलेलं. कुणाच्या विहिरीवर कुणी जायचं, कुणाच्या ओसरीवर कुणी बसायचं, सगळं ठरलेलं. तिला वाटलं, हे टोपीवाले नवीन दिसतात, पण आतून तेच. तिचा राग मी आज समजू शकते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझी पाटी तिथं राहिली.

बा म्हणाला, "अगं, सरकारी मानूस हाय. हुकूम असंल."

"मग पाटलाच्या जवारीला हुकूम न्हाई का? ज्याला आपलं दूध इटाळतंय, त्याच्याकडं माजी पोर जानार न्हाई."

बाला काय, शेळ्यांमागं पोर परत मिळाली. रोज सांज झाली की मी रडायची, माय चुलीपुढं भांडी आपटायची, बा घोंगडी पांघरून पडायचा. असे दिवस चालले.

मी शेळ्या घेऊन जायची, पण कुठं? माळावर चांगला चारा सोडून मी त्यांना रोज देवळामागच्या बांधाकडं हाकायची. तिथं चरायला काही नाही, निवडुंग आणि दगड. पण मंडपातलं सगळं ऐकू यायचं. पोरं मोठ्यानं पाढे म्हणायची, मी बांधाखाली बसून ओठ हलवायची. शेळ्या काय अशा ठिकाणी शांत बसतात होय? त्या शिरल्या देवळाच्या आवारात, पुजाऱ्यानं लावलेली सब्जाची आणि झेंडूची रोपं सगळी मुंडकी खुडून साफ केली. पुजारी काठी घेऊन धावला, मी रडत शेळ्या गोळा करायले, आणि आवाज ऐकून मास्तर बाहेर आले.

"तू? अगं, तू शाळेत का येत नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. लहान लेकराला काय आडपडदा. "माय म्हनती तुमाला आमचं दूध इटाळतंय."

मास्तर एवढेसे झाले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, परत घातली. म्हणाले, "धारा कधी काढता तुमी?" पहिल्यांदाच ते 'तुम्ही' सोडून 'तुमी' म्हणाले, माझ्यासारखं.

"दिस कलला की," मी म्हणाले.

आता आमच्या लोकांत एक रीत आहे. धारेच्या वेळेला वाडग्यावर, म्हणजे जिथं शेळ्या कोंडतात तिथं, जो कुणी येईल तो तसाच जात नाही. वाटसरू असो, फकीर असो, वैरी असो. त्याला दुधाचा घोट मिळतो. ते देणं नसतं आणि घेणंही नसतं. हे मास्तरांना कुणी सांगितलं होतं का त्यांचं त्यांना सुचलं, मला कधी कळलं नाही. पण दिवस कलला तेव्हा ते वाडग्यावर हजर.

बानं घोंगडी झटकून टाकली. "या मास्तर. बसा."

माय धार काढायलेली. तिनं मान वर केली नाही. पण रीत ती रीत. तिनं तांब्या भरला. वाटी नाही, फुलपात्र नाही, आमचा मोठा पितळी तांब्या, फेस काठावरून सांडेपर्यंत. आणि तो मास्तरांच्या पुढं ठेवला. मला आजही वाटतं, त्यात मान निम्मा होता आणि परीक्षा निम्मी.

परभणीचा माणूस तो. दूध म्हणजे तापवलेलं, साय आलेलं, तेही गायीचं नाहीतर म्हशीचं. हे शेळीचं, कच्चं, कोमट, वासाचं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले, आणि घटाघट पिऊन टाकला. मध्ये थांबले नाहीत. बहुतेक थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. तांब्या खाली ठेवला, ओठावरचा फेस पुसला आणि म्हणाले, "वा."

माय पदराआड हसली, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा बंद.

गावच्या कोतवालानं बातमी आणली. "मास्तर फाटंपासनं टमरेल घेऊन ओढ्याकडं पळायलेत. चार चकरा झाल्या. काय खाल्लं कुनाला म्हाईत."

बा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "खाल्लं न्हाई, पेलं! तांब्याभर! अगं, शहरातलं पोट ते, तुज्या करडाचं न्हाई."

"हसू नगा," माय म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "आता गाव म्हनंल, दूध परत केलं म्हनून हिनं मास्तराला सूड म्हनून पाजलं." मग स्वतःशीच, "आन त्यो बी कसा! एवढं सगळं कामून प्यावं? निम्मं ठेवावं की!"

तिनं पातळ ताकात जवारीच्या कण्या शिजवल्या, वर सुंठ उगाळून घातली, आणि गाडगं पदराखाली धरून निघाली. मी मागं मागं.

मास्तर खोलीत वाकळेवर पडलेले, तोंड चिंचेसारखं आंबट. मायला बघून उठायला लागले. ती दारातच थांबली. उंबऱ्याच्या आत जावं का न जावं, तिला कळेना.

"आत या की, मावशी."

ती आत गेली. गाडगं पुढं सरकवलं. "हे तरी चालंल का?"

मास्तरांनी वासावरूनच ओळखलं असावं. "हे औषध आहे. औषधाला नाही म्हणता येत नाही," असं म्हणून त्यांनी गाडग्यालाच तोंड लावलं. सगळं खाल्लं. माय बघत बसली, जसं एखाद्या आजारी लेकराकडं बघतात तशी.

मग तिची नजर परत ओसरीवर गेली. पोतं तिथंच होतं. जिथं होतं तिथंच, तोंड सुतळीनं शिवलेलं. एका कोपऱ्याला उंदरानं भोक पाडलेलं आणि जवारी खाली सांडलेली.

"मास्तर, हे पाटलाकडलं पोतं न्हवं? उघडलं न्हाई अजून?"

"माझं नाही ते, मावशी. त्याच दिवशी परत घेऊन जा म्हणून सांगितलं. त्यांचा माणूस न्यायलाच येत नाही. दोनदा निरोप दिला. आता माझ्याच्यानं उचलेना, आणि उंदीर मात्र रोज येऊन घेतायत."

मायनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. खांदे हलायले होते. "अगं बाई! म्हंजी पाटलाचं बी घेतलं न्हाई! आन मी अकरा दिस..." पुढं तिला बोलताच येईना. मास्तरही हसायला लागले, आणि हसता हसता पोट धरून एकदम उठले, टमरेल उचललं, आणि आम्ही दोघी घाईघाईनं बाजूला झालो.

ते परत आले तेव्हा माय जायला उठली होती. म्हणाली, "धारेच्या वक्ताला येत जावा. पर मी तापवून देईन. आन वाटीभरच."

"येईन. वाटीभर मात्र नक्की." मास्तरांनी कोनाड्यातून माझी पाटी काढली. फुटक्या कोपऱ्याची. त्यांनी ती जपून ठेवली होती. "मुलीला उद्यापासून पाठवता का?"

मायनं माझ्याकडं बघितलं. "तिलाच इचारा. शाळा बुडाली ती तिची हाय."

आमच्या घरात आजवर मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचं, हाक म्हटलं की हाकायचं. मी मान हलवली, ती पण एवढी जोरात की मास्तर म्हणाले, "अगं, मान राहू दे शाबूत."

घरी आल्यावर बा म्हणाला, "मग शेळ्या?"

"तुमी हायत की," माय म्हणाली. "आन देवळामागं नेऊ नगा. पुजारी काठी घेऊन बसलाय."