दाराशी खोळंबलेली बाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या मालकांना सगळे 'नंबरकाका' म्हणतात. माणूस दिसला की त्याच्या नावाआधी त्यांना त्याच्या चष्म्याचा नंबर आठवतो. माझ्या सासऱ्यांची ओळख त्यांनी चारचौघांत 'जवळचं कच्चं, लांबचं उत्तम' अशी करून दिली होती. सासरे अजूनही ते कौतुकच समजतात.

हे नंबरकाका कादंबरी लिहितात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच्या फ्रेमा कोपराने बाजूला सारल्या जातात आणि कागद पुढे येतात. कादंबरी खुनाची. तसं पहिल्याच पानावर वाचकाला ठणकावून सांगितलेलं. एका शाळेतल्या बाईंना समोरच्या कित्येक वर्षं बंद असलेल्या घरात दिवा दिसतो. बाई धीट. तडक निघतात, जिना चढतात, दारावर हात ठेवतात.

आणि तिथेच थांबतात. गेला महिनाभर बाई त्या दारावर हात ठेवून उभ्या होत्या.

"हात भरून आला असेल हो त्यांचा," मी म्हटलं.

"चेष्टा सुचतेय तुम्हाला!" नंबरकाका कळवळून म्हणाले. "इथे रविवारी ताई चालली."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दुकानामागच्या दोन खोल्यांत भावंडं राहायची. ताईंची नजर अलीकडे पार मंदावली होती आणि कुठलीच काच त्यावर लागू पडत नव्हती. जन्मभर लोकांना चष्मे घालणाऱ्या भावाने मग रोज दुपारी, दुकान बंद करून, तिला आपली कादंबरी वाचून दाखवायला घेतली. आता ताईंची मुलगी त्यांना लांबच्या शहरात न्यायला येणार होती, कायमची. बाई दारातून आत गेल्याशिवाय ताईंना शेवट कळणार नव्हता.

मला खरं कुतूहल वेगळंच होतं. "बाई तुमच्या, घर तुमचं, दारही तुम्हीच लावलंत. मग आत काय आहे ते तुम्हालाच कसं ठाऊक नाही?"

"म्हणून तर लाज वाटते," ते म्हणाले.

लाज वाटत असली तरी विचारायचे ते सगळ्यांना. डोळे तपासताना, समोरचा माणूस तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीशी झटापट करत असताना, हळूच प्रश्न यायचा, "समजा, तुम्ही एका बंद दाराशी उभे आहात..." इस्त्रीवाल्याने आत साप सोडला. बँकेतल्या हेडक्लार्कांनी आत इन्कम टॅक्सवाले बसवले. माझ्या बायकोने, "त्या आधी खालूनच हाक का मारत नाहीत?" असं विचारलं आणि नंबरकाका दोन दिवस आमच्या घराकडे फिरकले नाहीत.

एकदा मी दुकानात गेलो तर हे आतल्या माळ्याच्या खोलीच्या दारावर हात ठेवून डोळे मिटून उभे. बाहेर गिऱ्हाईक डोळ्यांवर चाचणीची जड चौकट घेऊन ताटकळलेलं. "काय जाणवतं ते बघत होतो," नंबरकाका म्हणाले.

"मग?"

"दाराला रंग द्यायला झालाय."

शनिवारी दुपारी मी ताईंना भेटायला गेलो. बोचकी बांधून झाली होती. ताई खाटेवर बसल्या होत्या आणि भाऊ समोर स्टुलावर. थाट अगदी डोळे तपासतानाचा.

"ताई, नीट सांग हं. आत प्रेत आहे, हे बरं? की आत कोणीच नाही, ते बरं?"

"दोन्ही धूसर."

"प्रेत खुर्चीत बसवलं तर?"

"बसव नाहीतर निजव. मला काही दिसत नाही बाबा." ताईंनी पाय खाटेवर घेतले. "काय रे, गिऱ्हाइकाचा एकच डोळा तपासून पाठवतोस का तू?"

"छे! एक झाकायचा, दुसरा बघायचा. मग तो झाकून पहिला."

"मग महिनाभर त्या मास्तरणीच्याच डोळ्याने काय बघत बसलायस? तिला झाक की जरा. आतल्याला काय दिसतंय ते सांग."

"अगं, आत कोण आहे हेच तर..."

"दिवा कोणी लावला?"

नंबरकाकांनी खिशातलं पेन काढलं.

"आपोआप तर लागला नाही ना?" ताई म्हणाल्या. "मग ज्याने लावला त्याला जिन्यावर पावलं ऐकू आली असतील. तो काय करतोय?"

"तो..." नंबरकाका स्टुलावरून उठले. भिंतीकडे बघत राहिले. "तो केस विंचरतोय."

आम्ही तिघंही चकित झालो. सगळ्यात जास्त ते स्वतः.

"केस? आता? कशाला?" मी विचारलं.

"कोणीतरी येतंय म्हणून," ते हळूच म्हणाले आणि दुकानात पळाले.

त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलंच नाही. हेडक्लार्क शटर वाजवून, शिव्या घालून परत गेले.

रविवारी सकाळी नंबरकाका ताईंना वाचून दाखवत होते. आत एक म्हातारा निघाला. खूप वर्षांनी आपल्या घरी परतलेला, गल्लीत कोणीच ओळखत नसलेला. कोणीतरी चौकशीला येईल म्हणून मुद्दाम खिडकीत दिवा लावून बसायचा. बाई आत गेल्या, त्याने दुसरा कप विसळला, दोघं बोलत बसली. संपलं.

"खून राहिलाच, ताई," नंबरकाका ओशाळून म्हणाले. "पहिल्या पानावर कबूल करून बसलोय."

"पहिलं पान फाड."

बाहेर गाडी येऊन थांबली होती. भाची आत डोकावली. "मामा, आटपा हं, ड्रायव्हर कुरकुरतोय."

ताई उठल्या. भावाचा हात धरून पायरी उतरल्या, गाडीत बसल्या, पदर सावरला आणि दार लावू देईनात.

"त्या बाई पुन्हा जातात का रे त्याच्याकडे? की एकदाच?"

"ते... अजून ठरलं नाही."

"ठरव," ताई म्हणाल्या. "आणि फोनवर वाचून दाखव. दुपारी मी जागीच असते."